डॉक्टर आनंदीबाई जोशी आणि त्यांची रोझेलची मावशी

परदेशी जाऊन पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी संपादन करणाऱ्या पहिल्या महाराष्ट्रीय स्त्रीचे नाव आमच्या शाळेतील लहान विद्यार्थ्यांसही ठाऊक आहे. त्यांची तसबीर अनेकांनी पाहिली असेल. नाकात नथ, अंगावर नेसूचे लुगडे व मुद्रेवर वयास न शोभणारे गांभीर्य असलेली ती मूर्ती एकदा पाहिली की विसरत नाही. परंतु आनंदीबाईंच्या अमेरिकेच्या प्रवासाचा पहिला धागा आपल्या कोल्हापुरात कातला गेला, तो येथील मिशनच्याच हातून पुढे गेला, आणि त्याचे दुसरे टोक ज्या बाईंच्या हाती लागले त्यांनी ते शेवटपर्यंत सोडले नाही, ही हकीकत पुष्कळांस अपरिचित आहे. आनंदीबाईंच्या विद्वत्तेविषयी इतरत्र बरेच लिहिले गेले आहे. येथे आम्ही त्यांचे चरित्र त्यांच्या एका स्नेहाच्या अनुषंगाने सांगणार आहोत.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. त्यांचा जन्म ता. ३१ मार्च १८६५ रोजी पुणे येथे आजोळी झाला. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे. घराणे एके काळी संपन्न, परंतु पुढे उतरती कळा लागलेले. मुलगी नऊ वर्षांची होताच तिचे लग्न गोपाळ विनायक जोशी या टपालखात्यातील कारकुनाशी लावून देण्यात आले. वर बिजवर असून वधूहून सुमारे वीस वर्षांनी मोठा होता. सासरी यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव हे मोठे विलक्षण गृहस्थ. बायकोने स्वयंपाक उत्तम केला नाही म्हणून तिला मारणारे नवरे त्या काळी गल्लोगल्ली होते. गोपाळराव बायकोला मारीत ते ती अभ्यास टाकून चुलीपाशी रमली म्हणून! त्यांनी तिला शिकविण्याचा ध्यास घेतला होता, आणि त्या ध्यासावाचून आनंदीबाई कल्याणच्या माजघरातून बाहेर पडल्या नसत्या, हे निर्विवाद आहे. परंतु त्या प्रेमात धाक होता व हट्ट होता. या लहानशा जिवाला काय हवे आहे, त्याला काय सोसेल, हे विचारण्याची त्यात जागा नव्हती. तेरा-चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस मुलगा झाला व तो अवघे दहा दिवस जगला. योग्य उपचार मिळता तर मूल वाचते, ही टोचणी त्या कोवळ्या आईच्या मनास कायमची लागून राहिली. आपल्या देशातील बायकांस बाईमाणसाकडून औषध मिळाले पाहिजे, हा त्यांचा निश्चय या दुःखातून उत्पन्न झाला.

अलिबागेहून गोपाळरावांची बदली कोल्हापुरास झाली. कोल्हापुरात त्या वेळी अमेरिकन मिशनचे काम पंचवीस वर्षे चालू होते. रेव्ह. रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली ते सुरू केले होते, आणि आमच्या पन्हाळा तालुक्यातील कोडोलीत पुढे मिशनचे जे कार्य उभे राहिले ते त्याच रोपट्याची फांदी होय. गोपाळरावांचे मिशनरी साहेबांकडे जाणे-येणे सुरू झाले. १८७८ साली त्यांनी एक पत्र लिहिले. आपणास पत्नीला उच्च शिक्षण द्यावयाचे आहे, त्याकरिता अमेरिकेत जाण्याची इच्छा आहे, तेथे आपणास काही नोकरी मिळेल काय, असा त्याचा आशय होता. कोल्हापुरातील मिशनऱ्यांमार्फत ते पत्र अमेरिकेत वाइल्डर साहेबांकडे गेले. साहेब तोपर्यंत स्वदेशी परतून प्रिन्स्टन येथे ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाचे मासिक चालवीत होते.

वाइल्डर साहेबांनी कोल्हापूरकरिता आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली होती. येथे मुलांमुलींच्या शाळा काढण्यात त्यांचा पुढाकार होता. त्यांच्या हेतूविषयी कोणाही कोल्हापूरकराने शंका घेऊ नये. तरी पण या पत्रास त्यांनी दिलेले उत्तर वाचून आम्हांस वाईट वाटते, आणि मिशनच्या शाळेच्या अंकात ते लिहिण्यास आम्ही संकोच करीत नाही. जोशी दांपत्याने ख्रिस्ताचा स्वीकार करावा, मग पुढचे पाहता येईल, अशा धोरणाचे ते उत्तर होते. एका तरुण स्त्रीने विद्या मागितली होती व तिच्यापुढे अट ठेवली गेली. साहेबांनी मूळ पत्र व आपले उत्तर ही दोन्ही मासिकात छापून टाकली व प्रकरण तेथेच संपले, असे कोणासही वाटले असते.

न्यूजर्सी प्रांतात रोझेल नावाचे एक लहान गाव आहे. तेथील थिओडिशिया कार्पेंटर या बाई १८८० साली दात दाखविण्याकरिता दंतवैद्याकडे गेल्या होत्या. आपली पाळी येईपर्यंत वेळ कसा घालवावा म्हणून त्यांनी तेथे पडलेले एक जुने मासिक उचलले. ते ‘मिशनरी रिव्ह्यू’ होते. त्यातील कोल्हापूरचे पत्र व त्याखालचे उत्तर बाईंनी वाचले. पत्र लिहिणाऱ्या नवऱ्याविषयी त्यांना आदर वाटला, आणि ज्या मुलीकरिता ते लिहिले होते तिच्याविषयी कळवळा. घरी येऊन त्यांनी सरळ त्या मुलीस पत्र लिहिले.

येथपर्यंत कोणतेही दयाळू अंतःकरण पोहोचते. मासिकातील करुण मजकूर वाचून डोळ्यांस पाणी येणे ही मोठी गोष्ट नव्हे, आणि एक पत्र लिहिणे हीही फारशी मोठी नव्हे. कार्पेंटर बाई काही विदुषी नव्हत्या, श्रीमंतही नव्हत्या. घर, नवरा व मुले सांभाळणारी ती एक साधी गृहिणी होती. हिंदुस्थानाविषयी त्यांचे ज्ञान मिशनरी मासिकांत जेवढे येते तेवढेच, म्हणजे सती, मूर्तिपूजा व बालविधवा एवढ्यापुरते असावे. असा स्नेही प्रारंभी चुकणारच. परंतु आपणास काही माहीत नाही हे बाईंनी ओळखले, आणि ज्याविषयी ठाऊक नाही ते विचारण्याचा मार्ग धरला. आमच्या मते या स्नेहातील खरी शिकण्याजोगी गोष्ट येथे सुरू होते.

पत्र कोल्हापूरच्या पत्त्याचे आणि जोशी कुटुंब तर केव्हाच तेथून हलले होते. मध्यंतरी काही काळ ते मुंबईस राहिले. तेथे आनंदीबाई मिशनच्या शाळेत जात, आणि पायांत बूट घालून, हाती पुस्तके घेऊन जाणारी ब्राह्मणाची सून पाहून रस्त्यातील लोक टवाळी करीत. तेथून गोपाळरावांची बदली कच्छात भुजेस झाली. अमेरिकेचे पत्र आनंदीबाईंच्या हाती पडले, तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. त्यांनी इंग्रजीत उत्तर लिहिले. हा पत्रव्यवहार पुढे तीन वर्षे अखंड चालला. रोझेलचे पत्र येथे पोहोचण्यास महिन्याहून अधिक काळ लागे, तितकाच परत. एक प्रश्न विचारावा आणि त्याच्या उत्तराची अडीच-तीन महिने वाट पाहावी! हल्ली एका क्षणात निरोप पोहोचविणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस त्या धीराची कल्पना करणे कठीण जाईल.

या पत्रांत काय नव्हते? हिंदूंचे सण, देवधर्म, जेवणाचे पदार्थ, लग्नाच्या चाली, दागदागिने, बायकांचे आजार. कार्पेंटर बाई विचारीत व आनंदीबाई सविस्तर लिहीत. मतभेदाचे विषयही त्यांनी टाळले नाहीत. आनंदीबाई आपल्या समाजाच्या चालींचा पक्ष घेत, बालविवाहाचेसुद्धा समर्थन करीत. हे मत कार्पेंटर बाईंस पटण्यासारखे नव्हतेच, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही पटण्यासारखे नाही. ज्या मुलीने बालविवाहाचे दुःख स्वतःच्या देहावर सोसले तिनेच त्याची तरफदारी करावी, हे चमत्कारिक वाटते. परंतु परक्यापुढे आपल्या घराची लाज राखणे हा मनुष्याचा स्वभाव आहे, आणि तो ओळखण्याइतके तारतम्य रोझेलच्या त्या गृहिणीच्या ठायी होते. मत जुळत नाही म्हणून पत्र थांबले नाही. हळूहळू संबोधने बदलली. एक मावशी झाली व दुसरी भाची.

इ. स. १८८१ च्या सुमारास जोशी दांपत्य कलकत्त्यास गेले. तेथील हवा आनंदीबाईंस मानवली नाही. डोके सतत दुखे, अधूनमधून ताप येई, अशक्तपणा वाढे, कधी श्वास लागे. हे वर्तमान पत्रांतून कळताच मावशीने अमेरिकेहून औषधे पाठविली. त्यांचा काही गुण आला नाही. येणार तरी कसा? दहा हजार मैलांवरून, न पाहिलेल्या रोग्यास, केवळ पत्रातील वर्णनावरून धाडलेली ती औषधे! कोणी वैद्य हसेल, आणि त्याचे हसणे अयोग्य म्हणता येणार नाही. प्रेम असले म्हणजे रोग कळतो असे नाही, हे आनंदीबाईंस पुढे वैद्यक शिकताना कळलेच असेल. मावशीनेही त्या निष्फळ औषधांवर आपल्या कर्तव्याची समाप्ती मानली नाही. हिला येथे आणून आपल्या घरी ठेवून घेतले पाहिजे, असा बेत आता ठरू लागला. तुझा धर्म, तुझे अन्न, तुझा पोशाख यांस आमच्या घरी कोणी हात लावणार नाही, हा भरवसा त्या बेताच्या मुळाशी होता. वाइल्डर साहेबांनी घातलेली अट या स्नेहात प्रथमपासूनच नव्हती.

गोपाळरावांनी पत्नीस एकटीस पाठविण्याचे ठरविले. त्या काळी ब्राह्मण स्त्रीने समुद्र ओलांडणे, तेही नवऱ्यावाचून, म्हणजे केवढे अरिष्ट! लोक काय काय बोलले ते येथे सांगत बसत नाही. ता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या दिवाणखान्यात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण करून आपण अमेरिकेस कां जातो हे सभेस समजावून दिले. हिंदुस्थानात स्त्री-वैद्यांची किती उणीव आहे हे त्यांनी सांगितले, आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ असेही निक्षून सांगितले. श्रीरामपूर हे मिशनऱ्यांचे जुने ठाणे. तेथे हे वाक्य उच्चारण्यास अठराव्या वर्षात असलेल्या मुलीस किती धैर्य लागले असेल!

ता. ७ एप्रिल रोजी जहाज कलकत्त्याहून निघाले. बरोबर काही मिशनरी बाया होत्या, त्यांच्या सोबतीनेच आनंदीबाईंस पाठविले होते. हा प्रवास सुखाचा झाला नाही. धर्मांतराविषयी त्या बायांचा आग्रह चाले व आनंदीबाई आपल्या ठिकाणी अढळ असत. खाण्यापिण्याचे हाल झाले ते निराळेच. त्या बायांनाही आपण या मुलीचे कल्याणच इच्छितो असे मनापासून वाटत असेल. गोपाळरावांसही तसेच वाटे. आनंदीबाईंच्या लहानशा आयुष्यात त्यांचे कल्याण इच्छिणारांची वाण कधीच नव्हती.

४ जून १८८३ रोजी जहाज न्यूयॉर्कास लागले. धक्क्यावर कार्पेंटर बाई स्वतः हजर होत्या. तीन वर्षांच्या ओळखीनंतर मावशी-भाचीची दृष्टादृष्ट तेव्हा प्रथम झाली. तो उन्हाळा आनंदीबाईंनी रोझेलला काढला, आणि आमच्या समजुतीप्रमाणे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत निश्चिंत दिवस हेच असावेत. त्या घरात त्या शाकाहार करीत. कधी स्वतः आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून घरच्या मंडळींस व पाहुण्यांस जेवू घालीत, आणि ती गोरी मंडळी हातांनी घास घेत! मुलांशी खेळणे, घरकामास हात लावणे, बायकांना लुगडे कसे नेसतात ते दाखविणे, असे ते दिवस गेले. लहानपणी अभ्यास चुकला म्हणून मार खाणाऱ्या या मुलीला कोणी मुद्दाम खेळू दिल्याचा प्रसंग त्यापूर्वी क्वचितच आला असेल.

पोशाखाचा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी तसा नव्हता. आपल्याकडील नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात व अमेरिकेची थंडी हाडे फोडणारी. आनंदीबाईंनी विलायती झगा घातला नाही. गुजराथी धर्तीवर पाय झाकतील असे लुगडे नेसण्याचे त्यांनी ठरविले. थंडीपासून बचाव व्हावा आणि आपलेपणही जाऊ नये, असा हा त्यांचा स्वतःचा तोड होता. झगा घाल असे म्हणणे मावशीस किती सोपे होते!

पुढील विद्यार्जनाचा भाग आम्ही थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वश्रुत आहे. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश मागितला. तेथील प्रमुख डॉ. रेचेल बॉडली यांनी त्यांस आनंदाने घेतले व शिष्यवृत्तीही दिली. १८८३ च्या ऑक्टोबरात अभ्यास सुरू झाला. रोझेल आता दूर राहिले. बिऱ्हाडाची खोली, कडाक्याची थंडी, परके अन्न व अहोरात्र अभ्यास यांत आनंदीबाईंची प्रकृती, जी मुळातच नाजूक, ती खालावत गेली. सुटी लागली की त्या मावशीकडे येत व अंमळ सावरत. इतर दिवसांत मावशीच्या हाती पत्रच काय ते उरे. पुन्हा तीच गोष्ट, न दिसणाऱ्या माणसाची पत्रावरून काळजी घेणे. आनंदीबाईंस रडगाणे गाण्याची सवय नव्हती. लहानपणापासून सोसण्याचीच शिकवण मिळालेले माणूस कोठे दुखते हे लवकर सांगत नाही, आणि विचारणाऱ्याची परीक्षा तेथेच होते.

प्राचीन आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून त्यांनी ता. ११ मार्च १८८६ रोजी एम्. डी. ही पदवी मिळविली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडाहून आल्या होत्या. दोघींचे दूरचे नातेही होते. एक हिंदू राहिलेली, दुसरी ख्रिस्ती झालेली, आणि दोघी त्या दिवशी एकमेकींच्या अभिमानाच्या! पुढे रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर जो प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ लिहिला त्यास डॉ. बॉडली यांनीच प्रस्तावना जोडली.

गोपाळराव १८८५ साली अमेरिकेस पोहोचले होते. ज्या पत्नीस त्यांनी हाताला धरून अक्षर शिकविले ती आता त्यांच्यापुढे गेली होती, आणि हे त्यांस सहन होत नसावे असे त्यांच्या वागण्यावरून दिसते. ते ठिकठिकाणी व्याख्याने देऊन अमेरिकनांवर व ख्रिस्ती धर्मावर तोंडसुख घेऊ लागले. ज्यांच्या अन्नावर व आसऱ्यावर पत्नी वाढली त्यांनाच हे ऐकावे लागे. (हेच गोपाळराव पुढे १८९० साली पुण्यास रानडे-टिळकादी मंडळींस मिशनऱ्यांच्या घरी चहास नेऊन मग त्यांची नावे वर्तमानपत्रात छापणार होते, हे जाणते पालक ओळखतीलच.) आनंदीबाईंची केवढी कुचंबणा झाली असेल! मावशीच्या घराचे दार मात्र भाचीकरिता, आणि भाचीच्या नवऱ्याकरिताही, उघडेच राहिले.

याच सुमारास कोल्हापूर दरबाराकडून बोलावणे आले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर डॉक्टर म्हणून आनंदीबाईंची नेमणूक झाली. आज आपण ज्यास छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय अथवा नुसते सी. पी. आर. म्हणतो तेच हे इस्पितळ. ज्या नगरीतून आठ वर्षांपूर्वी विद्येची याचना गेली त्याच नगरीने विद्यावती होऊन आलेल्या त्या मुलीस मानाने बोलावले! कोल्हापूरकरांनी अभिमान बाळगावा असा हा योग होता. पण तो घडून आला नाही. पदवीनंतर बोस्टन येथील स्त्रियांच्या इस्पितळात अनुभवाकरिता काम करीत असता आनंदीबाई अंथरुणास खिळल्या. क्षयाने त्यांस ग्रासले होते. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. रोगाचा जंतू कॉख यांनी १८८२ साली शोधला होता खरा, पण गुणकारी औषध निघण्यास आणखी साठ वर्षे लागली. कलकत्त्यातील त्या तापाचे व श्वासाचे मूळ काय होते, कोण जाणे. आता रोझेलच्या मावशीजवळ पाठविण्यास औषध नव्हते, आणि जवळ ठेवून घेण्यासही अधिकार नव्हता. भाची आपल्या देशी, आपल्या नेमणुकीवर जाऊ इच्छीत होती.

१८८६ च्या ऑक्टोबरात उभयता न्यूयॉर्काहून निघाली व नोव्हेंबरात मुंबईस उतरली. समुद्र ओलांडून आलेल्या आनंदीबाईंना जातीबाहेर टाकण्याचे धाडस कोणास झाले नाही. उलट लोकांनी त्यांचा गौरव केला. परंतु गौरव घेण्यास शक्ती कोठे होती? पुण्यास अनेक उपचार झाले. ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच त्यांचे देहावसान झाले. बाविसावे वर्ष पूर्ण होण्यास एक महिना उणा होता. कोल्हापूरच्या इस्पितळातील त्यांची जागा त्यांनी एक दिवसही भूषविली नाही.

गोपाळरावांविषयी आम्ही वर कठोर लिहिले आहे. म्हणून त्यांनी यानंतर केलेली एक गोष्ट सांगणे न्यायाचे होईल. हिंदूंची रक्षा गंगेस अथवा गोदेस जावयाची. गोपाळरावांनी पत्नीची रक्षा अमेरिकेस कार्पेंटर बाईंकडे पाठविली. ती कोणास द्यावी हे त्या हट्टी मनुष्यास बरोबर समजले होते.

मावशीने ती रक्षा न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत, आपल्या माणसांच्या थडग्यांशेजारी पुरली व तीवर शिळा उभी केली. भाचीने धर्म बदलला नव्हता, आणि मावशीनेही तिला मरणोत्तर ख्रिस्ती केले नाही. इंग्रजी नावांच्या त्या रांगेत आनंदीबाई जोशी हे नाव आजही वाचावयास मिळते, आणि शिक्षणाकरिता हिंदुस्थानाबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री अशी त्यांची ओळख त्या दगडावर कोरलेली आहे.